दिवाळीनंतरचा वर्ग

दिवाळीची सुटी संपलीय. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या डोंगराकडेच्या गावातली शाळा. पटावर नावं सगळी आहेत, सतरंजीवर मात्र निम्मीच पोरं.

बाकीची कुठं गेली, हे गुरुजींना विचारावं लागत नाही. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हलतात, त्या परततात मार्च-एप्रिलात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती फेडायची तर दोघांनाही उसाच्या फडात उतरावं लागतं. मग तान्ह्याला कोण सांभाळणार?

ही पाहा. वय दहा. आईबाप पहाटेच्या अंधारातच फडात गेलेत. कोपीत, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, तिच्या कडेवर भाऊ, चुलीवर तवा, दाराशी रिकामी घागर. मोळ्यांचा हिशेब तिला तोंडपाठ आहे. भागाकार मात्र राहिला, कारण तो दुसऱ्या सत्रात होता.

शिकलेल्या आईबापांची मुलं पुढं जातात, असं आपण सहज म्हणतो. ते खोटं नाही. पण इथं त्याआधीचा प्रश्न आहे: मूल वर्षातले किती महिने वर्गात बसलं? तो आकडा कुठल्याच रकान्यात नसतो. पालकाचा व्यवसाय विचारला की उत्तर येतं ‘शेती’. दोन एकर कोरडवाहू आहे ना!

मुलगी वयात आली की आणखी एक घोर. कोपीला दार नसतं, गावात मागं ठेवावी तर आजी थकलेली. मग लग्न उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ४० हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यात हेच प्रमाण २२ च्या आसपास.

सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत. नाव वसतिगृहाचं, पण पोर गावातच आजीपाशी झोपतं, शाळेत जेवतं. साधी, चांगली सोय. फक्त ती टोळी निघायच्या आधी सुरू व्हायला हवी. ट्रक हलल्यावर शिजलेल्या खिचडीचा काय उपयोग?

ती दहा वर्षांची पोर एप्रिलात परतते. शिक्षण हक्क कायद्यानं वयानुरूप वर्ग मिळतो. निकालपत्रकावर शब्द येतो, ‘वर्गोन्नत’. आता ती पाचवीत.

पावसाळ्यात मुकादम उचल घेऊन दारात येतो.