मध्यमाशी भांडण

नमस्कार, श्रोतेहो.

आज हौसेनं वाद्य वाजवण्याबद्दल बोलायचं आहे. हौसेनं म्हणजे कसं, तर मैफल करायची नाही, परीक्षेला बसायचं नाही, मोबाइलवर चित्रण करून चार लोकांना पाठवायचं नाही. रात्रीची आवराआवर झाली की २० मिनिटं वाद्यापाशी बसायचं आणि उठायचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर नाहीतर पलंगाखाली एखादं वाद्य असेल. कुणाची शाळेतली बासरी, कुणाचा माउथऑर्गन, कुणाची अर्धवट शिकलेली सतार. माझ्याकडे पेटी आहे. वडिलांची. त्यांच्यामागे १२ वर्षं ती खोळीत होती. मी ४६ वर्षांचा असताना खोळ काढली, तेव्हा मला पेटीतलं एवढंच ठाऊक होतं की डाव्या हातानं भाता मारतात.

पहिले दोन महिने डावा हात चालू झाला की उजवा थांबायचा. उजवा चालायला लागला की डावा भाता विसरायचा, आणि सूर पाणी गेलेल्या नळासारखा बारीक होत होत बंद पडायचा. सा, रे, ग, आणि दम संपला. माझा नव्हे, पेटीचा. मग एका रात्री दोन्ही हात आपापलं काम करायला लागले. मी वेगळं काही केलं नव्हतं. मी चकित होऊन हातांकडे बघितलं, आणि बघितल्याबरोबर पुन्हा बिघडलं. पण एकदा आलं होतं ना! दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलावर माझा डावा हात उगाच पुढे-मागे होत होता. शेजारचा विचारायला लागला, काय शोधताय? आपल्या हाताला नवीन काहीतरी येतंय, हे सुख मला शेवटचं कधी मिळालं होतं? सायकल शिकलो तेव्हा बहुधा.

परत सांगतो, २० मिनिटं. रोज. रविवारी तीन-तीन तास बसणारे मी पाहिले आहेत. पुढच्या रविवारी ते बसत नाहीत. रोज २० मिनिटं. आणि वाद्य खोळीत ठेवू नका. डोळ्यांसमोर ठेवा. खोळीची नाडी सोडायचा कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्यापायी वर्ष निघून जातं. धूळ बसेल म्हणाल. बसू दे, पुसता येते.

आता विषय निघालाच आहे म्हणून बोलतो. मुलांना वाद्याच्या क्लासला घालतात, चांगलंच आहे. पण मूल आत सा लावतंय आणि आईबाबा बाहेर बाकावर फोन बघत बसलेत, हे मला बघवत नाही. अहो, तुम्हीही आत जाऊन बसा की! बाबांचंही चुकतं, हे पोराला एकदा कळू दे. माझ्या मुलीनं मला इतकं चुकताना ऐकलंय की हल्ली ती स्वतःच्या गणितातल्या चुका मला बिनधास्त दाखवते. असो.

फ्रेंच लोक अशा जिवाभावाच्या छंदाला काय म्हणतात, माहीत आहे? 'अँग्रचं व्हायोलिन'. अँग्र हा १७८० साली जन्मलेला फ्रान्सचा मोठा चित्रकार. पोरवयात तो तूलूझच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. पुढे नाव झालं ते चित्रांनी, पण व्हायोलिन काही सुटलं नाही, आणि त्यावरून भाषेला एक शब्दच मिळाला. आणखी एक जोडी सांगतो. पदार्थविज्ञानात बोस आणि आइनस्टाइन ही नावं जोडीनं येतात. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोसांनी आपला निबंध आइनस्टाइनना पाठवला, तिथून ती जुळली. आता गंमत बघा. आइनस्टाइन व्हायोलिन वाजवायचे आणि बोस इसराज. दोन्ही गजाची वाद्यं! यातून काही सिद्ध होत नाही. मला सांगायला आवडतं म्हणून सांगितलं.

आणि मी ज्या पेटीबद्दल बोलतोय, तिला रेडिओवर एके काळी मज्जाव होता. ऑल इंडिया रेडिओवर १९४० साली हार्मोनियमवर बंदी आली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिच्याकडे नाही. आणि बारा स्वर सारख्या अंतरावर बसवले की गंधार, म्हणजे ग, तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा होतो. सप्तकाचे १२०० भाग केले तर साधारण १४ भाग. फक्त १४. मला पहिली दोन वर्षं तो फरक कळलाही नाही. आता तंबोरा लावून गंधारावर थांबलो की भातात खडा लागल्यासारखं होतं. कान तयार झाल्याचा आनंद मानायचा की आपल्याच पेटीची खोड कळल्याचं दुःख, ते माझं अजून ठरलेलं नाही. पण ज्यांना स्वतःचा सा धड लावता येत नाही त्यांनी पेटीला बेसूर म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं. आता मला खरं जे सांगायचं आहे त्याकडे येतो.

साधारण दुसऱ्या वर्षातली गोष्ट. माझ्या पेटीतला मधल्या सप्तकातला मध्यम, म्हणजे म, बंद पडला. पांढरी चार, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी. मी सगळं पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा मानून वाजवायचो, दुसऱ्या पट्टीवर सा धरायची तेव्हा माझी प्राज्ञा नव्हती. पांढरी चार दाबली की खाली जायची, वर यायची, पण सूर नाही. नुसती फुस्स हवा. माझी पेटी साधी, सुरांची एकच ओळ असलेली. त्यामुळे एक सूर गेला की त्याची जागा सांभाळायला खर्जाचा जोडीदारही नाही.

दुरुस्तीला न्यायला हवी होती. नेली नाही. आळस होताच, पण खरं कारण वेगळं. दुरुस्ती करणारे लोक पेटी उघडण्याआधी तिच्यावरून अशी काही झरझर बोटं फिरवतात, आणि मग पेटी आपल्याकडे सरकवून म्हणतात, "वाजवा बघू, कुठला सूर?" त्या क्षणाची मला धास्ती. तेव्हा मी सोपी वाट काढली. ज्या रागात मध्यमच नाही तो राग वाजवायचा. भूप. सा रे ग प ध. म नाही, नि नाही. मध्यम लागतच नाही, म्हणजे बिघाडही नाही!

११ महिने मी भूप वाजवला. परत सांगतो, ११ महिने. घरातले काही बोलले नाहीत. बायको फक्त स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला लागली. मुलगी आंघोळ करताना भूप गुणगुणायची आणि मग स्वतःवरच चिडायची. मला मात्र वाटत होतं, भूप आता आपल्या हातचा झाला.

एका रात्री साडेनऊला दारावर टकटक. वरच्या मजल्यावरच्या आजी. हातात काठी. तोवर आमची ओळख जिन्यातल्या 'काय, बरं आहे ना' एवढीच. मला वाटलं, आली तक्रार. मी माफी मागायला तोंड उघडणार तोच आजी म्हणाल्या,

"अरे, तुझं मध्यमाशी काही भांडण आहे का?"

मी म्हटलं, "काय?"

"वर्ष होत आलं, ऐकतेय. भूप, भूप आणि भूप. निषाद निदान अधूनमधून चुकून लागतो तुझा. मध्यम चुकूनसुद्धा लागत नाही. इतकं चुकणाऱ्या माणसाची एकच चूक कधी होत नाही, म्हणजे ती पट्टीच बंद असणार."

मी कबूल केलं. आजींनी चपला काढल्या, आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "स्क्रू-ड्रायव्हर आण. आणि एक वाटी." वाटी कशाला, हे विचारायची सोय नव्हती.

तरुणपणी आजी धाकट्या बहिणीच्या गाण्याला पेटीची साथ करायच्या. बहीण लग्न होऊन लांब गेली, साथ संपली, आणि पुढे बोटं आखडली. त्यांनी हात पुढे करून दाखवला. मधली दोन बोटं वाकतच नव्हती. म्हणाल्या, "कान माझे, हात तुझे. कर सुरू."

वरची जाळी काढली. एकेक स्क्रू वाटीत. "वाटीतच टाक. जमिनीवर ठेवलास तर शेवटी एक कमी भरणार." पट्ट्यांचा सांगाडा बाजूला केला, सुरांची फळी दोन्ही हातांनी उचलली आणि उलटी केली. श्रोतेहो, पेटी बाहेरून कितीही पाहिली असली तरी हे आतलं एकदा बघायला हवं. पितळी जिभांची रांग. खर्जातल्या लांब, तारसप्तकातल्या नखाएवढ्या. प्रत्येक जीभ एका टोकाला पक्की, दुसरं टोक मोकळं, आणि खाली तिच्याच मापाची खाच. हवा आली की जीभ त्या खाचेत आत-बाहेर थरथरते. तोच सूर. जीभ आणि खाच यांच्यामध्ये केसाएवढी फट. तिथे काही अडकलं की थरथर बंद.

मध्यम शोधून काढला. आजी वाकल्या नाहीत. म्हणाल्या, "काय दिसतंय ते सांग."

"काहीतरी लाल आहे."

"लाल?"

"लाल कड आहे. लाकडाची पातळ कपची आहे."

आजींनी विचारलं, "पेन्सिल कुठल्या रंगाची वापरतोस?"

मी गप्प. माझी वही पेटीवरच असते. स्वरलिपी पेन्सिलीनं लिहितो, खोडता येते म्हणून. पेन्सिलीला टोकही तिथेच बसून करायचो आणि कचरा फुंकर मारून उडवायचो. लाल पेन्सिल. म्हणजे मध्यमाचा गळा मीच दाबला होता, तोही मन लावून अभ्यास करताना.

दाढीच्या पात्यानं जीभ किंचित उचलायची. जोर लावायचा नाही, वाकली तर सूर बिघडतो. कपची निघाली. पातळ कागदाचा कपटा जिभेखालून एकदा फिरवला. फळी बसवली, स्क्रू बसवले, एकही कमी भरला नाही. भाता मारला. पांढरी चार दाबली.

लागला!

जरा खरखरत, झोपेतून उठल्यासारखा, पण लागला. मी तो दाबूनच धरला. भाता मारतोय आणि मध्यम वाजतोय. बायको स्वयंपाकघराचं दार उघडून बाहेर आली.

आजी म्हणाल्या, "आता तुझा भूपच वाजव. फक्त गंधार काढ आणि तिथे मध्यम ठेव. बाकी काही बदलू नकोस."

सा रे म प ध.

श्रोतेहो, हा दुर्गा राग. पाचातले चार सूर तेच. परत सांगतो, चार सूर तेच, जे मी ११ महिने घासत होतो. एक गंधार उठला आणि त्याच्या जागी मध्यम येऊन बसला. भूपात पंचमावरून खाली येताना माझं बोट सवयीनं पांढरी तीनवर टेकायचं. ते एक पट्टी आधीच टेकवलं, आणि ज्या चालीचा घरात सगळ्यांना वीट आला होता तिला एकदम वेगळंच बोलणं फुटलं. दुर्गा मी रेकॉर्डवर वीस वेळा तरी ऐकला असेन. माझ्या भूपात आणि त्याच्यात एवढी एकच पट्टी आहे, हे त्या वीस वेळांत एकदाही जाणवलं नव्हतं. मला हसू यायला लागलं. भाता मारत होतो आणि वेड्यासारखा हसत होतो.

आजींकडे पाहिलं. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं चालली होती, मधली दोन सोडून बाकीची. मी अडखळत होतो तिथे ती अडखळत नव्हती.

तेव्हापासून मी पेन्सिलीला टोक गॅलरीत जाऊन करतो. ती लाल कपची वहीत चिकटवून ठेवली आहे, दुर्गाच्या पानावर. बोट मात्र घाईत अजूनही पांढरी चारवरून उडी मारतं, ११ महिन्यांची सवय. तसं झालं की वरून जमिनीवर काठीचे दोन ठोके येतात. परवा एका बैठकीत सहा वेळा आले.

आजी आत्ता हा कार्यक्रम ऐकत असणार. तर आजी, आज रात्री भूप नाही, दुर्गाही नाही. आज पहिल्यांदाच मालकंस धरतोय. त्यात वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूरच, मध्यम आहे. काठी हाताशी ठेवा.

नमस्कार.