दुखऱ्या सांध्याचा घोडा घ्यावा का?

श्रोतेहो, नमस्कार. दत्तजयंती आली की तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. त्यातला एखादा मनात भरतो, भावही बेताचा असतो, आणि मालक स्वतःहून सांगतो, "मागच्या पायाचा सांधा जरा धरतो, बरं का." असा मालक भेटला तर त्याचा मान ठेवा. पण घोडा घ्यायचा की नाही, हे आधी सांध्याला विचारा.

कारण सगळे सांधे सारखे नसतात. मागच्या पायात मधोमध जो मोठा वळलेला सांधा दिसतो, त्याच्या खालच्या थरातली हाडं एकमेकांवर मुळातच फार थोडी हलतात. तिथे झीज झाली, म्हणजे बाजारात ज्याला हड्डा म्हणतात तो झाला, तर आधी दुखतं; पण पुढे ती हाडं जुळून एकजीव झाली की कित्येक घोड्यांचं दुखणं ओसरतं आणि हलकं काम ते पुष्कळ वर्षं करतात. शेतावर अधूनमधून रपेट करणाऱ्याने असा वयस्क, शांत घोडा घ्यायला माझी हरकत नाही. पुढच्या पायाचं मात्र निराळं. घोड्याचं जवळजवळ 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. खुराच्या आतला सांधा किंवा त्याच्या वरचा घोटा झिजलेला असेल, तर तो दर पावलाला वाकणार आणि दर पावलाला दुखणार.

म्हणून काम कोणतं, तेही बघायला हवं. माथेरानला मोटारी नाहीत. तिथला घोडा दिवसभर माणसं घेऊन चढतो-उतरतो, आणि उतारावर सगळा भार पुढे येतो. वरातीत डांबरी रस्त्यावर नाचवायचा घोडा तर पाय आपटतच असतो. या दोन्ही कामांसाठी दुखऱ्या सांध्याचा घोडा घेऊ नका, फुकट मिळाला तरी.

घोडा बघायला सकाळी लवकर जा. रात्रभर बांधलेला घोडा तुमच्यादेखत सोडायला लावा. फिरवून आणलेल्या घोड्याचा सांधा मोकळा होतो आणि लंगडेपण झाकलं जातं. कडक जमिनीवर, दोर सैल सोडून, दुडक्या चालीने सरळ पळवा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर झटकतो, चांगला पाय टेकताना खाली नेतो. मग डॉक्टरांकडून तपासून घ्या. ते पाय मिनिटभर दुमडून धरतात आणि लगेच पळवून पाहतात. एक्स-रे काढतात. पण एक्स-रेत वाईट दिसणारा घोडा कधीकधी नीट चालतो आणि उलटही होतं, म्हणून चाल आणि चित्र दोन्ही जुळवून बघावं लागतं. वेदनाशामक देऊन उभा केलेला घोडाही ठणठणीत दिसतो. शंका आली तर रक्त तपासायला सांगा. डॉक्टर तुम्ही आणलेला हवा, विकणाऱ्याचा नको.

आणि खर्चाचा हिशेब धरा. घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो. दहा वर्षांचा घेतलात आणि तो पंधराव्या वर्षी कामातून गेला, तरी पुढची दहा वर्षं चारा, नालबंद, औषध चालूच राहणार. तेवढी ऐपत आणि तेवढी जागा असेल तर सौदा करा, पावतीवर सांध्याचा दोष स्पष्ट लिहून घ्या, आणि एक्स-रेची प्रत जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या एक्स-रेशी ताडून बघायला ती लागेल.