वहीच्या समासात

नमस्कार श्रोतेहो.

मोठ्या शहरात शाळा सुटली की शिक्षक गर्दीत मिसळून जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासापर्यंत विद्यार्थ्याच्या आयुष्यातून पूर्णपणे नाहीसे होतात. छोट्या गावात ही सोय ना शिक्षकांना असते, ना मुलांना. तिथे गणिताचे सर संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरायला निघतात ज्या रस्त्यावर आपण गृहपाठ टाकून गोट्या खेळत असतो, आणि मराठीच्या बाईंच्या घरावरून गेल्याशिवाय कुठेही जाताच येत नाही. आमच्या सरांनी तर माझ्या वडिलांनाही शिकवले होते. फळ्यापाशी भागाकार अडला की ते खडू हातात तसाच धरून म्हणत, "तुझा बापही इथेच अडायचा." साऱ्या वर्गासमोर काढलेले हे वाक्य अपमानाचे वाटायला हवे होते. मला मात्र त्याचा फार धीर वाटे, कारण वडील पुढे कधीतरी तो भागाकार ओलांडून गेले असणार, हे उघडच होते.

या सरांचा एक तास मला अक्षरशः खड्याखड्याने आठवतो. विषम संख्यांची बेरीज शिकवायची होती. त्यांनी वर्ग मैदानात नेला, प्रत्येकाला मूठभर खडे वेचायला लावले आणि स्वतः उकिडवे बसून मातीवर एक खडा ठेवला. मग त्याच्या उजवीकडे एक, वरच्या बाजूला एक आणि कोपऱ्यात एक असे तीन खडे काटकोनात मांडले. दोन ओळी, प्रत्येकीत दोन खडे. त्याभोवती पाच खड्यांचा दुसरा काटकोन घातला, तेव्हा तीन बाय तीनचा चौकोन झाला. "आता पुढचा काटकोन किती खड्यांचा?" असे त्यांनी विचारले आणि उत्तर कोणाकडूनही न घेता ते उठून बाजूला जाऊन उभे राहिले. आम्ही सात खडे मोजून लावले, सोळा झाले. नऊ लावले, पंचवीस झाले. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस हे वर्ग आम्हाला पाठ होतेच, पण ते खरोखरीचे चौकोन असतात हे त्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते. मग सरांनी पहिल्या शंभर विषम संख्यांची बेरीज विचारली आणि मागच्या बाकावरचा, कधीही हात वर न करणारा एक मुलगा मातीकडे बघत म्हणाला, "दहा हजार." सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या मुठीतले उरलेले खडे त्या मुलाच्या हातात दिले. प्राचीन ग्रीक गणितीही संख्यांचे गुणधर्म असेच खडे मांडून शोधत असत आणि 'कॅल्क्युलेशन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतला खडाच आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. तेव्हा मला आधी आठवला तो त्या मुलाचा चेहरा.

चांगल्या शिक्षकांविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते की त्यांनी काय शिकवले ते विसरले, पण माया लक्षात राहिली. मला हे पटत नाही. ज्यांची माया लक्षात राहिली त्यांचे शिकवणेही लक्षात राहिले आहे, कारण ती माया शिकवण्यातूनच पोचत होती. याच सरांनी एकदा सहामाहीच्या पेपरात माझ्या एका उदाहरणावर लाल फुली मारली होती. रीत वेगळी होती, उत्तर बरोबर होते, पण मी तक्रार करण्याच्या भानगडीत पडलो नाही. त्याच दिवशी संध्याकाळी सर आमच्या दारात उभे राहिलेले दिसले आणि माझे हातपाय गार पडले, कारण छोट्या गावात शिक्षक घरी येणे म्हणजे तक्रार येणे असाच आमचा समज होता. सरांनी बसायचेही नाकारले. पेपर मागून घेतला, उंबऱ्यातच उभे राहून ती फुली खोडली, शेजारी पाच गुण लिहिले, खाली सही केली आणि वडिलांना म्हणाले, "याची रीत माझ्यापेक्षा आखूड आहे. मला घरी गेल्यावर उमगली." दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ती रीत फळ्यावर लिहिली आणि चूक आपली होती हेही सांगितले.

सगळेच शिक्षक असे नव्हते. फूटपट्टीची कड बोटांच्या पेरांवर मारणारेही एक होते, आणि काळ लोटला म्हणून त्या आठवणीला गोड म्हणण्याची मला गरज वाटत नाही.

छोट्या गावाच्या शिक्षकाविषयी बोलताना साने गुरुजींची आठवण टाळणे अवघड आहे. 1924 साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, पुढे तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि 1930 साली स्वातंत्र्य चळवळीत उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे त्यांची शाळेतली शिक्षकी उणीपुरी सहा वर्षांची. त्या काळात ते छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत असत. मला या गोष्टीतल्या 'दैनिक' या शब्दाचे नवल वाटते. एखादे हस्तलिखित वर्षातून एकदा निघाले तरी आम्ही किती मिरवत असू! वर्गातले तास, छात्रालयाची देखरेख आणि वर रोजचे लेखन, तेही मूठभर मुलांनी वाचावे म्हणून.

आमच्या मराठीच्या बाई असेच मूठभरांसाठी लिहीत. त्यांचे लेखन आमच्या निबंधाच्या वहीच्या समासात असे. इतर शिक्षक 'ठीक' किंवा 'अक्षर सुधारा' एवढे लिहून मोकळे होत. बाई लिहीत, "पावसाचे वर्णन वाचले. तू त्या वेळी कुठे उभा होतास ते कळले नाही." एकदा मी वाक्यावाक्याला अलंकार पेरले होते, तिथे समासात एवढेच होते, "दागिने फार झाले, चेहरा दिसेना." त्यांचा एक नियम तर आम्हा सर्वांना तोंडपाठ होता. सांगायचे आहे ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे, वाचणाऱ्याला दारात ताटकळत ठेवू नये.

या बाईंना पत्र लिहायचे मी वर्षानुवर्षे पुढे ढकलत राहिलो. अखेर लिहिले त्याला निमित्त झाले फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांच्या एका पत्राचे. काम्यू यांचे वडील पहिल्या महायुद्धात 1914 साली मारले गेले होते, आई लोकांच्या घरची साफसफाई करून संसार चालवत होती आणि आजीचे मत होते की मुलाने लवकर कामाला लागावे. अल्जिअर्समधल्या प्राथमिक शाळेतले त्यांचे शिक्षक लुई जेर्मां यांनी आजीची समजूत घातली आणि त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले. 1957 साली काम्यू यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा आईनंतर पहिला विचार त्यांच्या मनात आला तो या गुरुजींचा, आणि 19 नोव्हेंबरला त्यांनी तसे पत्र गुरुजींना पाठवले. मला कसलेच पारितोषिक मिळालेले नव्हते, त्यामुळे पत्र लिहायला कारण नाही असे मी मनाला सांगत आलो होतो. ती सबब होती.

मी चार पाने लिहिली. मैदान, घंटा, गळके छप्पर, वर्गातली चिमणी असे काही काही आठवत गेलो. बाईंची दृष्टी अधू झाल्याचे मला ठाऊक नव्हते. शेजारच्या मुलीने त्यांना ते पत्र वाचून दाखवले आणि त्यांच्या सांगण्यावरून उत्तरही तिनेच लिहिले. कोवळ्या, गोल अक्षरातले ते एक कार्ड होते आणि त्यावर तीनच ओळी होत्या. "पत्र पोचले. दोनदा वाचून घेतले. आभार मानायला निघाला होतास, ते तिसऱ्या पानावर मानलेस."