पत्र्यावरचा पाऊस आणि कानाचं मशीन

(दृश्य: पाटण तालुक्यातला जिल्हा परिषद शाळेचा वर्ग. पत्र्यावर पाऊस.)

कोयनेच्या खोऱ्यात पावसाळा लागला की वर्गावरचा पत्रा दिवसभर वाजत राहतो. कानाला मशीन लावणाऱ्या मुलाचे तर फारच हाल. मशीन बाईंचा आवाज वाढवतं, तसा पावसाचाही वाढवतं. शिवाय मोकळ्या जागेत बाईंपासूनचं अंतर दुप्पट झालं की त्यांचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मूल लक्ष देत नाही, असं म्हणण्याआधी मशीन बघा.

(दृश्य: तळहातावर मशीन, अगदी जवळून.)

सेल हवेवर चालतो. नव्या सेलचा स्टिकर काढून तो दोन मिनिटं उघडा ठेवा, मगच बसवा. मशीनमधला आवाज कानात नेणारी नळी उजेडात धरा. आत पाण्याचा थेंब अडकला असेल तर नळी आणि साचा (कानात बसणारा, कानाच्या मापाचा भाग) मशीनपासून सोडवून दाबायच्या रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकलं तर उलट वाफ आत जाते.

मशीन सारखी शिट्टी मारत असेल तर बहुतेक वेळा साचा सैल झालेला असतो. मुलाचा कान वाढतो, साचा आहे तेवढाच राहतो. शिट्टी थांबवायला आवाज कमी करणं हा उपाय नव्हे, त्याने ऐकणंच घटतं. नवा साचा करून घ्या.

मग पाऊस थांबलेला असताना मुलाच्या मागे उभं राहून म्हणा: आ, ई, ऊ, म, स, श. आवाज आला की त्याने हात वर करायचा. रोज ओळखू येणारा ‘स’ आज सुटला, तर विशेष शिक्षकांना लगेच कळवा.

(दृश्य: बाईंच्या गळ्यात माइक.)

पत्र्याखाली खरा आधार रिमोट माइकचा, म्हणजे बाईंचा आवाज बिनतारी थेट मुलाच्या मशीनमध्ये पोचवणाऱ्या माइकचा. तो ओठांपासून १५ सेंटिमीटरवर हवा. मंगळसूत्र घासलं की मुलाच्या कानात नुसती खरखर. द्विशिक्षकी शाळेत तर आणखी एक पथ्य: चौथीला उदाहरणं देऊन बाई दुसरीच्या पाढ्यांकडे वळल्या आणि माइक चालूच राहिला, तर उदाहरण सोडवणाऱ्या मुलाच्या कानात पाढे घुमतात. वळतानाच माइक म्यूट करा. दुसरं मूल उत्तर देत असेल तर माइक त्याच्या हातात द्या, नाहीतर उत्तर स्वतः पुन्हा म्हणा.

रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत, सेल मात्र बाहेर. डबीत तोही सुकतो. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.