नाउरू: विकता विकता उरलेलं बेट

सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दाराला अडवण म्हणून एक दगड ठेवलेला होता. आल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने तो तपासून घेतला. निघालं अस्सल फॉस्फेट, खताचा कच्चा माल. दगड आला होता नाउरूहून.

प्रशांत महासागरात, विषुववृत्तालगतचा हा देश २१ चौरस किलोमीटरचा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असे जवळजवळ पाच देश मावतील. वस्ती बारा हजारांच्या आसपास, तीही बहुतेक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात. विमान यायचं असलं की धावपट्टीलगतच्या रस्त्यावरची वाहनं थांबवतात. आत, पठारावर, नुसते प्रवाळाचे करडे सुळके. मधलं फॉस्फेट खरवडून नेलेलं. बराच काळ ते ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंडने नेलं, तेही पडेल किमतीत.

इथे २६ ऑक्टोबरला लोकसंख्येचा सण असतो. १९३२ साली नाउरूवासी १५०० झाले, समाज टिकेल अशी आशा वाटली. मग युद्ध आलं. जपान्यांनी १२०० जणांना दूर ट्रुक बेटांवर नेलं. ३१ जानेवारी १९४६ ला परतले ते जेमतेम ७३७. १९६८ मध्ये स्वातंत्र्यासाठी हीच तारीख निवडली गेली.

त्यानंतर फॉस्फेटचा पैसा आला, तो भरमसाट. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभी राहिली, लंडनमधल्या एका संगीत नाटकातही पैसे घातले. नाटक पडलं. पुढे इमारतही विकावी लागली.

संसद १९ जणांची, तेच आपल्यातून राष्ट्राध्यक्ष निवडतात. मार्कस स्टीफन तर वेटलिफ्टिंगची पदकं जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. मतदान सक्तीचं. पहिल्या पसंतीला एक मत, दुसरीला अर्धं, तिसरीला एक तृतीयांश. निकाल म्हणजे अपूर्णांकांची बेरीजच!

चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. कमाई ट्यूना पकडायला येणाऱ्या परदेशी बोटींच्या परवान्यांची, आणि ऑस्ट्रेलियाने पाठवलेल्या आश्रयार्थींना ठेवून घेण्याची. या दुसऱ्या कमाईवर जगभर टीका झाली, आणि ती रास्तच आहे. पण खनिज जवळपास संपलेल्या देशाकडे सौद्याला उरतं तरी काय?

२०२५ पासून नागरिकत्वही विक्रीला आहे, सुरुवातीला १ लाख ५ हजार अमेरिकन डॉलरला. समुद्र वाढतोय, म्हणून त्या पैशातून किनाऱ्यावरची वस्ती पठारावर हलवायची आहे. आधी मात्र ते सुळके फोडून जमीन सपाट करावी लागेल.