फी कोण भरतं, बोलणं कुणाचं

(ठाणे परिसरात नव्याने खासगी प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या समुपदेशकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या. शब्द वेगवेगळे, पण बहुतेकांचा प्रश्न एकच: क्लायंट आणायचे कुठून? इन्स्टाग्रामवर रील टाकायचे का, फॅमिली डॉक्टरांकडे कार्डं ठेवायची का, वगैरे. त्याकडे मी येणार आहे, पण उशिरा. कारण ठाण्यात पहिल्यांदा माणूस येणं फारसं अवघड राहिलेलं नाही. तो तिसऱ्यांदा येतो का, ते बघा. नाही आला, तर आपण लगेच स्वतःच्या थेरपीत खोट शोधायला लागतो. मी म्हणते, आधी जिना बघा, बाकडं बघा, फी कशी सांगितली ते आठवा.

आपल्या गावाची गंमत आहे. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद अख्ख्या मुंबईने करून झालाय. दुसरीकडे, १९९० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इथेच आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि समुपदेशन म्हणजे काय हे इथल्या मध्यमवर्गीय घरांना इतर शहरांच्या बरंच आधी कळलं. आपल्याकडे येणारा माणूस या दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊन येतो. जायला हवं हे त्याला पटलेलं असतं आणि कुणी बघायला नको हेही तेवढंच पक्कं असतं.

आता नौपाडा, विष्णूनगर, राम मारुती रोड, पाचपाखाडी इथे माणसं तीन-तीन पिढ्या एकमेकांना ओळखतात. पाचचं सेशन संपवून मुलगी डोळे पुसत बाहेर येते आणि बाहेर बाकड्यावर तिच्या वहिनीची आई बसलेली. “अगं बाई, तू इथे?” दोघीही पुढच्या आठवड्यात येत नाहीत. तुमच्या वहीत मात्र ‘ड्रॉपआउट’ लिहिलं जातं. म्हणून सेशन पन्नास मिनिटांचं असेल तर पुढचं लगेच तासाला घेऊ नका, मध्ये वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. दिवसाला एखादं सेशन कमी होईल, होऊ दे. जागा घेताना दुसरं दार आहे का ते बघा, मागच्या गॅलरीतून जिन्यावर निघणारं असलं तरी चालेल. पाटीवर तुमचं नाव पुरे. ‘डिप्रेशन, चिंता, वैवाहिक समस्या’ अशी मेनूकार्डासारखी यादी खालच्या मजल्यावर लावली, तर वर चढणाऱ्या प्रत्येकाला यातलं काहीतरी झालंय हे समोरच्या वाण्यालाही कळतं.

घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत जागा घेणाऱ्यांना वाटतं, इथे कोण कुणाला ओळखतं. खरंय, पण तिथे गेट आहे. वॉचमन नाव विचारतो, फ्लॅट नंबर विचारतो, फोटो काढतो, ॲपवर नोंद करतो. म्हणजे कोण कधी तुमच्याकडे आलं याची तारीख-वेळेसकट नोंद सोसायटीकडे जमा. कमिटीशी आधीच बोला. ‘व्यावसायिक भेट’ एवढीच नोंद होईल असं लेखी घ्या. जमत नसेल तर दुकानी गाळा किंवा पॉलिक्लिनिकमधली तासावर मिळणारी खोली बरी. सुरुवातीला तासावरचीच खोली घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. पुढे स्वतःची भाड्याची जागा घेतलीत तर लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करा. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे.

खोली पसंत करण्याआधी एक चाचणी करा. मैत्रिणीला आत बसवा, वर्तमानपत्रातला अग्रलेख नेहमीच्या आवाजात वाचायला सांगा आणि स्वतः बाहेरच्या खुर्चीवर बसा. विषय समजला, तर ती खोली कामाची नाही. जिप्समचं पार्टिशन बहुधा फॉल्स सीलिंगपर्यंतच असतं, वरून आवाज आरामात पलीकडे जातो. भिंत स्लॅबपर्यंत न्यावी लागते, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावावी लागते, बाहेर पंखा किंवा हलकं संगीत चालू ठेवावं लागतं. या खर्चापुढे रंगीत कुशन आणि मनीप्लांट नंतर घेतले तरी चालतात.

वेळेचं गणितही इथलंच. नोकरदार माणूस सकाळी आठ-साडेआठची लोकल पकडतो, संध्याकाळी सातला उतरतो. त्यामुळे सात ते नऊ आणि शनिवार यांवर सगळ्यांची झुंबड, आणि दुपारी अकरा ते चार तुम्ही एकट्याच. दुपारच्या वेळा गृहिणींना, ज्येष्ठांना, कॉलेजच्या मुलांना, घरून काम करणाऱ्यांना द्या आणि त्या वेळेचा दर थोडा कमी ठेवा. ऑनलाइनमुळे एक गोष्ट सोपी झाली, आपल्या गावातला माणूस टाळणाऱ्यांना गाव बदलायची गरज उरली नाही. एरवी डोंबिवलीची माणसं ठाण्याला आणि ठाण्याची मुलुंडला जातात ती ओळखीचं कुणी भेटू नये म्हणूनच.

आता फी. इथे आपली मराठी माणसाची भीड आडवी येते आणि भीड ही भिकेची बहीण. फोनवर समोरची बाई विचारते, “फी किती?” आपण म्हणतो, “दीड हजार.” ती गप्प. दोन सेकंदही गेलेली नसतात, तोवर आपणच, “पण बघू, ॲडजस्ट करू आपण, पैशाचं काय एवढं!” त्या दोन सेकंदांत ती कदाचित महिन्याचा हिशेब करत होती. तिला तो करू द्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तिचंही भलं नाही. ज्या नात्यात सगळं स्पष्ट बोलायचंय त्याची सुरुवातच आपण आडून-आडून करतो, मग तिने तिच्या सासूशी स्पष्ट बोलावं असं कोणत्या तोंडाने सांगणार?

समजा फी १,५०० रुपये, आठवड्याला २० सेशन. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातले रिकामे आठवडे वगळून वर्षाचे ४५ आठवडे धरा. झाले १३,५०,००० रुपये. पण दर पाचातलं एक सेशन ऐनवेळी रद्द झालं तर उरतात १०,८०,०००. त्यातून खोलीचं महिना २५,००० भाडं गेलं की ७,८०,०००. अजून सुपरव्हिजन (म्हणजे आपल्या केसवर अनुभवी समुपदेशकाचं मार्गदर्शन), कार्यशाळा, वीज, वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर, आयकर आहेतच. आणि आजारपणाची रजा यात धरलेली नाही. नोकरी सोडण्याआधी हे कागदावर मांडा. आठवड्याला २० च्या जागी ३५ सेशन मांडून आकडा फुगवू नका, संध्याकाळच्या सातव्या माणसाचं तुम्ही नीट ऐकूच शकत नाही.

रद्द झालेल्या सेशनचे पैसे घ्यायचे का, यावर आपल्यात नेहमी वाद होतो. वाद शंभर वर्षांहून जुना आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१३ मध्ये लिहिलं की दिवसाचा एक ठरलेला तास रुग्णाच्या नावावर आहे, त्याने वापरला नाही तरी त्याची जबाबदारी त्याची. त्याच लेखात तो सांगतो की साधारण दहा वर्षं रोज एक-दोन तास त्याने फुकट उपचारांसाठी ठेवले होते आणि फुकटपणामुळे काही रुग्णांची अडचण उलट वाढलीच. आपल्यातले बरेच जण इथेच थांबतात, कारण ते सोयीचं आहे. पण १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत हाच माणूस म्हणाला की गरिबांसाठी मोफत उपचारकेंद्रं हवीत, आणि १९२० मध्ये बर्लिनला तसं केंद्र निघालंही. मी दोन्ही पाळते. चोवीस तास आधी कळवलं तर पैसे नाहीत, नंतर कळवलं तर पूर्ण फी. मात्र ट्रान्स-हार्बरची लोकल बंद पडली किंवा पावसाने तीन हात नाक्यापासून सगळं तुंबलं तर त्याच वेळेत फोनवर सेशन. सवलतीच्या जागा आठवड्याला ठरावीकच ठेवते. भरल्या की तसं सांगते आणि कमी खर्चाच्या ठिकाणांचे नंबर देते. प्रत्येकाला थोडीथोडी सवलत देत बसलात तर शेवटी कोणाला का दिली हे तुम्हालाच आठवत नाही आणि मनात राग धरून बसता तो वेगळाच.

पण आपल्याकडे सगळ्यात मोठा गुंता निराळा आहे. फी भरणारा एक आणि बोलणारा दुसरा. बावीस वर्षांच्या मुलाचे बाबा फोन करतात, “मॅडम, पैसे मी भरतोय, निदान तो काय बोलला ते तरी सांगा.” त्यांचा हेतू वाईट नसतो. शाळेच्या फीपासून क्लासच्या फीपर्यंत ज्याने पैसे भरले त्याला प्रगतिपुस्तक मिळालेलं आहे. म्हणून पहिल्या भेटीत दोघांना समोर बसवून, फी ठरवतानाच सांगायचं: “काका, फी तुम्ही भराल, त्याबद्दल तुम्हाला पावती मिळेल. बोलणं त्याचं आहे. त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही, हे त्यालाही आत्ताच सांगतेय.” मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आणि त्याचे अपवाद लिहिलेले आहेत, ते कलम एकदा मुळातून वाचा. मूल अठराच्या आतलं असेल तर आईवडिलांशी काय बोलणार हे मुलासमोर ठरवा, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे, तिथे ‘गोपनीयता’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

याच गुंत्याची एक बारीक गाठ यूपीआयमध्ये आहे. बाई संसारातून वाचवलेल्या पैशांतून नवऱ्याला न सांगता येते. खातं जॉइंट. फी भरली की मेसेज नवऱ्याच्या फोनवर, त्यात तुमच्या सेंटरचं नाव. संध्याकाळी घरी प्रश्न. म्हणून पैसे कसे देणार, मेसेज कुणाकडे जातो, पावतीवर काय दिसेल हे पहिल्याच भेटीत विचारा. तुमच्या सेंटरचं बँकेत खातं उघडताना नाव साधं ठेवा. हिशेब चोख ठेवायचाच, रोख घेतली तरी पावती द्यायचीच, ती तिने कुठे ठेवायची हे तिला ठरवू द्या. मेडिक्लेमबद्दलही विचारतात. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम २१(४) प्रमाणे विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाच्या असतात. आठवड्याच्या सेशनचे पैसे त्यातून मिळतील असं आश्वासन देऊ नका.

आता क्लायंट कुठून येतात. बहुतेक आधीच्या क्लायंटकडून आणि मानसोपचारतज्ज्ञांकडून. औषध देणारे दोन-तीन डॉक्टर शोधा, त्यांना जाऊन भेटा आणि तुम्ही कोणत्या केस घेत नाही हे आधी सांगा. पाठवलेल्या माणसाबद्दल, त्याच्या संमतीने, चार ओळींचं पत्र वेळेवर पाठवलंत तर ते पुन्हा पाठवतात. कुणी कमिशन मागितलं, तर नमस्कार करून उठा. नावामागे डॉक्टर नसेल आणि माणूस ‘डॉक्टर’ म्हणत असेल तर प्रत्येक वेळी दुरुस्त करा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी असल्याशिवाय लावू नका. रील टाकायचे तर टाका, फक्त काल समोर बसलेल्या माणसाची गोष्ट नाव बदलून सांगू नका. ठाणं लहान आहे, ओळखतात लोक. व्हॉट्सॲपच्या आपोआप जाणाऱ्या उत्तरात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घाला, रात्री दोन वाजता तुम्ही झोपलेल्या असणार.

प्रॅक्टिस वाढली की दुसरी खुर्ची टाकावीशी वाटते. नव्या मुलीला हाताखाली घेतलंत, फीची वाटणी साठ-चाळीस ठरवलीत, तर तुमच्या वाट्याचे चाळीस कशाचे ते तिला सांगा. जागेचे असतील तर ते भाडं झालं. तिच्या केसवर दर आठवड्याला बसणार असाल, तरच त्याला दुसरं काही म्हणता येईल. रिसेप्शनला ‘मॅडम बिझी आहेत, म्हणून हिच्याकडे’ असं म्हणू देऊ नका. त्या वाक्यानंतर तिच्याकडे कोण मनापासून बोलेल?

आणि एक काम आजच करा, क्लायंट चारच असले तरी. उद्या तुमचा अपघात झाला तर त्यांना फोन कोण करणार? घरच्यांना नावं माहीत नसतात, नसावीतच. एका विश्वासू सहकाऱ्याकडे बंद लिफाफ्यात नाव आणि फोन नंबर एवढीच यादी ठेवा, नोट्स नकोत. अशी यादी आहे हे संमतीपत्रात एका ओळीत लिहा. दर महिन्याला नवी द्या, जुनी त्या सहकाऱ्यासमोर फाडा. लॅपटॉपवर ठेवलीत तर पासवर्ड तुमच्याबरोबरच ऑपरेशन थिएटरमध्ये जाईल.