दहा वर्षांचा बार्ट, चोवीस वर्षांची साझाए

(दृश्य : स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येक रेघेशेजारी तारीख.)

आमच्या घरातली ही चौकट. दर वाढदिवसाला मुलांना इथे पाठ टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि रेघ मारायची. डावीकडच्या रेघा थोरलीच्या, उजवीकडच्या धाकट्याच्या.

थोरली पाच वर्षांची होती तेव्हा जेवताना टीव्हीवर कार्टूनमधला शिन-चॅन लागायचा. हिंदीत बोलणारा, पाच वर्षांचाच, बालवाडीत जाणारा. आता ती आठवीत आहे. मधल्या काळात धाकटा पाच वर्षांचा झाला आणि जेवताना पुन्हा शिन-चॅन लागायला लागला. तोच लाल शर्ट, तीच बालवाडी, आईकडून डोक्यावर येणारं तेच टेंगूळ. परवा घास तोंडात तसाच ठेवून धाकट्याने विचारलं, ‘‘बाबा, हा पहिलीत कधी जाणार?’’

मी काही बोलायच्या आत थोरली म्हणाली, ‘‘तो नाही जात. तू जाणार.’’

मी त्या दिवशी जेवण संपवलं, पण तिचं वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. जपानमध्ये शिन-चॅनची मालिका 1992 मध्ये सुरू झाली. 1996 मध्ये त्या घरात धाकटी बहीण जन्मली, हिमावारी. घरात पाळणा हलला. आणि ती हिमावारी आजही रांगते आहे. म्हणजे त्या घरात जन्म होऊ शकतो, पण कुणी मोठं होऊ शकत नाही. हे बरोबर आहे का? या पात्रांना मोठं होऊ द्यायला हवं का?

(दृश्य : जुना, जाड काचेचा टीव्ही. पडद्यावर पिवळ्या रंगाचा उजेड.)

या प्रश्नासाठी एका दुसऱ्या घरात जाऊ या. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड हे काल्पनिक गाव आणि तिथलं सिम्पसन कुटुंब. एप्रिल 1987 मध्ये एका विनोदी कार्यक्रमाच्या अधेमध्ये दाखवायच्या छोट्या तुकड्यांतून हे कुटुंब पहिल्यांदा दिसलं. 17 डिसेंबर 1989 ला ‘द सिम्पसन्स’ ही अर्ध्या तासाची स्वतंत्र कार्टून मालिका झाली. बार्ट 10 वर्षांचा, लिसा 8 वर्षांची, मॅगी तोंडात चोखणी घेतलेली. साडेसातशेहून जास्त भाग झाले, आणि बार्ट 10 वर्षांचाच आहे.

हिशेब करून बघा. 1989 मधला 10 वर्षांचा मुलगा आज 45 च्या पुढे गेला असता. त्याचा बाप होमर मालिकेत पस्तीस-चाळिशीतला. म्हणजे वय मोजलं असतं तर मुलगा आज बापापेक्षा मोठा निघाला असता.

मालिका निर्माण करणाऱ्या मॅट ग्रेनिंग यांनी या पात्रांना नावं दिली ती स्वतःच्या घरातली. वडील होमर, आई मार्गारेट, बहिणी लिसा आणि मॅगी. त्या खऱ्या लिसा आणि मॅगी वाढल्या, बायका झाल्या. कागदावरच्या तिथेच राहिल्या. मला या गोष्टीत माया दिसते. आपल्या घराचा एक दिवस कुणीतरी जपून ठेवलाय, असं वाटतं.

पण खरं कारण आधी व्यवहाराचं आहे, तेही सांगायला हवं. अमेरिकेत अशा मालिकेचे पुरेसे भाग झाले की त्या गावोगावच्या वाहिन्यांना विकल्या जातात आणि रोज पुन्हा दाखवल्या जातात, कसलाही क्रम न पाळता. आज बार्ट 10 चा, उद्या 14 चा, परवा 11 चा दिसला तर मध्येच टीव्ही लावणाऱ्याला काही कळणार नाही. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी घर पहिल्या जागी आणून ठेवायचं. नोकरी गेली तर परत मिळते, आग लागली तरी पुढच्या आठवड्यात भिंती उभ्या असतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. 1965 पासून चार्ली ब्राउन या लहान मुलाच्या कार्टूनपटांना खऱ्या मुलांनी आवाज दिले, आणि मुलं मोठी झाली की नवीन मुलं शोधावी लागली. बार्टच्या बाबतीत ती वेळच आली नाही, कारण बार्टचा आवाज एका बाईचा आहे. नॅन्सी कार्टराइट. त्या आल्या होत्या लिसाच्या आवाजाची चाचणी द्यायला. बार्टचं वर्णन वाचलं आणि म्हणाल्या, मला हा करू द्या. 1987 पासून त्याच करताहेत. आज त्या पासष्टीच्या पुढे आहेत आणि माइकसमोर उभ्या राहिल्या की 10 वर्षांच्या होतात.

(दृश्य : भिंतीवरचं घड्याळ. सेकंदकाटा फिरतोय, तासकाटा जागेवर.)

काळ मात्र दाराच्या फटीतून आत येतोच. आबा सिम्पसन, होमरचे वडील, दुसऱ्या महायुद्धात लढलेले आहेत. 1996 च्या एका भागात त्यांच्या तुकडीची अख्खी गोष्ट आहे. ते युद्ध 1945 मध्ये संपलं. त्यातला सगळ्यात कोवळा सैनिकसुद्धा आज शंभरीच्या घरात असणार. बार्टच्या आई-वडिलांचं लग्नाआधीचं प्रेम 1991 च्या भागात दाखवलं, ते 1974 सालच्या शाळेतलं. 2008 मध्ये हिशेब जमेना, तेव्हा एका भागात त्यांचं तरुणपण उचलून 1990 च्या दशकात नेऊन ठेवलं. पुष्कळ जुन्या प्रेक्षकांना ते आवडलं नाही. मलाही नाही. माणसाचं वय थांबलेलं मी मान्य करतो, पण त्याच्या आठवणी बदलू नयेत.

आता माझ्या मते या मालिकेतला सगळ्यात हळवा भाग. मार्च 1995, लिसाचं लग्न. जत्रेत एक भविष्य सांगणारी बाई 8 वर्षांच्या लिसाला तिचं पुढचं आयुष्य दाखवते. साल 2010. लिसा 23 वर्षांची, होणारा नवरा इंग्लंडमधला, मोठ्या घरचा. होमर त्याला घरात चालत आलेली एक वस्तू देतो. डुकराच्या आकाराची, बाहीला लावायची बटणं. आमच्याकडे नवरदेव ही लावतो, म्हणतो. बटणं ओबडधोबड आहेत, बघून लाज वाटावी अशी. लग्नाच्या दिवशी लिसा बघते, नवऱ्याच्या बाहीला ती नाहीत. तुझ्या घरच्यांना मागे टाकून आपण इंग्लंडला जाऊ, असं त्याच्या मनात आहे. ती लग्न मोडते.

आणि मग आपण परत जत्रेत. लिसा 8 वर्षांची. होमर तिला दिवसभरात काय काय केलं ते उत्साहाने सांगत चाललाय, आणि ती ऐकतेय. तिने नुकतंच बघितलंय की ती या माणसासाठी एक दिवस काय करणार आहे. त्याला काही माहीत नाही.

हा भाग बघताना माझा घसा भरून येतो. आणि का, तर लिसा परत आठ वर्षांची होते म्हणून. मोठेपण एकदा दाखवून काढून घेतलं आहे. पुढे खरं 2010 आलं आणि गेलं, लिसा आठचीच राहिली. 23 वर्षांची ती मुलगी आता भूतकाळातलं भविष्य झाली.

(दृश्य : शाळेचा फळा. खडूचा आवाज.)

मग 25 ऑक्टोबर 2013. बार्टच्या वर्गशिक्षिका मिसेस क्रबॅपल यांचा आवाज देणाऱ्या मार्शा वॉलेस गेल्या. 1990 पासून त्या हा आवाज देत होत्या. निर्मात्यांनी दुसरा आवाज शोधला नाही. त्यांनी ते पात्रच मालिकेतून काढून घेतलं.

मालिकेच्या सुरुवातीला बार्ट शिक्षा म्हणून फळ्यावर एकच वाक्य शंभरदा लिहीत असतो. नोव्हेंबरमधल्या त्या भागात त्याने वाक्य एकदाच लिहिलं. आम्हाला तुमची फार आठवण येईल, मिसेस के. आणि तो फळ्यासमोर मान खाली घालून उभा.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये शेजारी राहणारा फ्लँडर्स दिसला. मिसेस क्रबॅपलशी त्याने लग्न केलं होतं. त्याच्या दंडावर काळी फीत. तिच्या त्या हसण्याची आठवण काढत बसलाय. खिडकीतून वर्गातला दांडगट नेल्सन आपलं नेहमीचं हेटाळणीचं हसतो, आणि लगेच त्याचा चेहरा उतरतो. मलाही आठवण येते, म्हणतो. बस, एवढंच.

फ्लँडर्सची पहिली बायको मॉड 2000 मध्येच गेली होती. विचार करा, ज्या गावात कुणाचंही वय वाढत नाही, त्या गावात एक माणूस दोनदा विधुर झालाय. त्याची दोन मुलं दोनदा पोरकी झालीत आणि अजून शाळेतच आहेत.

मला जे म्हणायचंय ते मला इथे सापडलं. मुलांचं वय वाढवू नका. पण घरातलं कुणी गेलं तर त्याची खुर्ची रिकामी दिसू द्या. चेहऱ्यावर सुरकुती नको, पण मनात ओरखडा राहू दे.

याच्या उलटही याच मालिकेत घडलं, आणि ते आपल्याला लागणारं आहे. 1990 पासून मालिकेत अपू नावाचा भारतीय दुकानदार आहे. त्याचा आवाज आणि ती लय देणारे हँक अझेरिया अमेरिकन, गोरे. माझ्या मावसबहिणीचा मुलगा तिकडेच जन्मला, तिकडेच वाढला. शाळेत पोरं त्याच्या मागे त्या दुकानदाराच्या लकबीत ‘‘थँक यू, कम अगेन’’ म्हणत फिरायची. त्याला तर भारतातला एक रस्ताही धड माहीत नव्हता. 2017 मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या अमेरिकन विनोदी कलाकाराने यावर माहितीपट केला. एप्रिल 2018 मध्ये मालिकेने उत्तर दिलं, तेही लिसाच्या तोंडून. बऱ्याच वर्षांपूर्वी जे सगळ्यांना चाललं ते आज खटकतं, आता काय करणार, अशा अर्थाचं ती बोलली. शेजारी अपूचा फोटो.

मला त्या दिवशी लिसासाठी वाईट वाटलं. शाळेत एकटी पडली तरी खरं बोलणारी मुलगी ती. आठ वर्षांची राहा ग, पण हे तुझं वाक्य नव्हतं. 2020 च्या जानेवारीत अझेरिया यांनी अपूचा आवाज देणं थांबवल्याचं सांगितलं. वय थांबवताना कुणीतरी नजरही थांबवली होती, त्याची ही किंमत.

(दृश्य : अंगणातली गॅसची शेगडी, मग कोळशाचे निखारे.)

मोठं करायचंच असेल तर कसं करावं, याचं एक उदाहरण आहे. ‘किंग ऑफ द हिल’ ही कार्टून मालिका. टेक्सासमधलं आर्लेन, हेही काल्पनिक गाव. हँक हिल प्रोपेन गॅस विकतो, आणि गॅसवर त्याची श्रद्धा आहे. 1997 मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा त्याचा मुलगा बॉबी शाळकरी, गोलमटोल, विनोद करणारा. बापाला तो कधी कळलाच नाही. 2009 मधल्या शेवटच्या भागात बॉबीला मांसाची प्रत ओळखायची जाण आहे असं निघतं, आणि बाप-लेक शेजारी उभे राहून एकत्र मांस भाजतात.

ऑगस्ट 2025 मध्ये ही मालिका परत आली. मधली सगळी नाही, पण काही वर्षं खरोखर गेलेली होती. हँक आणि त्याची बायको पेगी सौदी अरेबियात नोकरी करून परतलेत. बॉबी 21 वर्षांचा, डॅलसमध्ये आचारी आहे. जपानी पद्धतीच्या शेगडीवर रांधतो, आणि ती शेगडी कोळशाची. जन्मभर गॅस विकलेल्या बापाचा मुलगा कोळशावर पोट भरतो. लेखकांनी वय वाढवलं ते असं, जुन्या गोष्टीच्या पोटातून. त्या शेवटच्या भागातला धूर अजून त्याच्या हाताला आहे.

पण हे एकदाच जमतं. दर दोन वर्षांनी बॉबी थोडा थोडा वाढला असता, तर डॅलसमधल्या त्या स्वयंपाकघरात त्याला बघून आपण थबकलो नसतो.

(दृश्य : रविवारची संध्याकाळ. जपानी घरातलं ठेंगणं टेबल, भोवती बसलेली माणसं.)

आणि शेवटी, या सगळ्यांपेक्षा जुनं घर. टोकियो. दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला ‘साझाए-सान’ लागतं. माचिको हासेगावा यांनी 1946 मध्ये वर्तमानपत्रात ही चित्रमालिका सुरू केली. टीव्हीवर 5 ऑक्टोबर 1969 पासून. जगातली सगळ्यात जास्त चाललेली कार्टून मालिका म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. घरातल्या सगळ्यांची नावं समुद्राकडची. साझाए म्हणजे शंखातला एक प्राणी, भाऊ कात्सुओ म्हणजे बोनिटो मासा, बहीण वाकामे म्हणजे खायचं समुद्रशेवाळ. कात्सुओ 11 वर्षांचा, पाचवीत. घरात अजून तबकडी फिरवायचा काळा फोन. रविवारी ही मालिका संपली की सोमवार आलाच, म्हणून पोटात जो गोळा येतो त्यालाच तिकडे ‘साझाए-सान सिंड्रोम’ म्हणतात. आपल्याकडे शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी येतो ना, तोच.

जानेवारी 2014 मध्ये साझाएच्या वडिलांचा, नामिहेईंचा, आवाज देणारे इचिरो नागाई गेले. पहिल्या भागापासून तोच आवाज होता. तिथे स्प्रिंगफील्डसारखं झालं नाही. नवा आवाज आला आणि वडील टेबलाशी बसून राहिले. हे वाचलं तेव्हा मला ते खटकलं होतं. मग वाटलं, वडिलांची ती खुर्ची रिकामी ठेवली असती तर ते घर उरलंच नसतं. माझ्या म्हणण्याला हे घर अपवाद आहे, आणि तो मी मान्य करतो.

साझाए 24 वर्षांची आहे. तिचा आवाज मिदोरी कातो यांचा, 1969 च्या पहिल्या भागापासून. त्यांचा जन्म 1939 चा. प्रत्येक भागाच्या शेवटी साझाए पडद्याबाहेर बघून प्रेक्षकांशी ‘जान-केन’ खेळते, दगड-कागद-कात्री. 1991 पासून दर रविवारी. लहानपणी तिच्याशी हात पुढे करून खेळलेली मुलं आता आई-बाप झालीत, आणि मांडीवरच्या पोराचा हात धरून पुन्हा खेळतात. ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंचा चोवीस वर्षांचा आवाज म्हणतो, जान-केन-पोन.

(दृश्य : पुन्हा चौकट. धाकटा पाठ टेकवून उभा. थोरली पट्टी धरून रेघ मारतेय. आतल्या खोलीतून शिन-चॅनचं हसणं.)